दाराआडचं लाकूड

माझ्या वहिनीला आमच्या गल्लीत सगळे खिळेवाली म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण तिला माहीत आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. एकदोघांना मी सुनावलंही आहे की बाबांनो, ती खिळे विकत नाही, सरळ करते. जुन्या लाकडातून उपटलेला खिळा वाकडा निघतो. तो दगडावर कुबड वर करून ठेवायचा आणि हातोडीने हलकं हलकं ठोकत फिरवत राहायचं. "नवे मिळतात की बाजारात," असं कुणी म्हटलं तर वहिनी म्हणते, "नवा खिळा टोकदार असतो, जुन्या लाकडाला चीर पाडतो. हा बोथटलेला असतो, गुपचूप आत जातो." हे ती माझ्याकडे बघत म्हणते. माझी जीभ टोकदार आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे.

ती शोभेच्या वस्तू करते. पाडलेल्या घरांच्या दारं-खिडक्यांचं लाकूड आणि जुन्या बाजारातून उचलून आणलेलं सटरफटर, एवढंच तिचं भांडवल. कपाटाच्या खणाला घड्याळाचे काटे बसवून ती तो भिंतीवर टांगते. चमचे वाकवून फळीवर ठोकते आणि किल्ल्या अडकवायच्या खुंट्या करते. फुटक्या कपांचे कान, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, चष्म्याच्या काचा, रेडिओची बटणं, हे सगळं तिच्याकडे बरण्यांत भरलेलं असतं. आरशाच्या चौकटी करते, दिव्याचे खांब करते, आणि पक्षी. पक्षी म्हणजे काय, लाकडाचा एक ठोकळा, दोन घाव घालून चोच काढलेली आणि डोळ्याच्या जागी बटण. पण तो आपल्याकडे बघतो. लाकडावरचा जुना रंग ती सगळा कधीच घासून काढत नाही, कुठेतरी एखादा पोपडा ठेवतेच. मी म्हटलं, घाण दिसतं ते. तर म्हणाली, "ताई, आपण कुठून आलो हे त्याला आठवायला नको का?" मी तिच्याहून लहान, तरी लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला ताई म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिला वहिनी म्हणते आणि अगंतुगं करते. उलटा कारभार आहे, पण चाललंय.

मी ह्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते, लोकांचे जुने कपडे दुरुस्त करून देते. खाली दादा आणि वहिनी. माझा दादा पाडकामावर होता. लोक घरं बांधून नाव कमावतात, ह्याने पाडून कमावलं. कुठलंही घर पाडायला घेतलं की मुकादमाला सांगून तो चांगलं लाकूड बाजूला काढायचा आणि संध्याकाळी हातगाडीवर घालून घरी आणायचा. खालची पुढची खोली म्हणजे वहिनीची कामाची जागा. तिला रस्त्याकडे एक रुंद खिडकी आहे आणि खिडकीची झडप वरच्या बाजूला बिजागऱ्यांवर टांगलेली. सकाळी ती वर उचलायची आणि खाली झाडूच्या दांड्याचा तुकडा टेकू म्हणून लावायचा, संध्याकाळी काढून घ्यायचा. झडप चांगली जड आहे. तीही दादानेच कुठल्याशा गोदामाच्या दारातून कापून बसवलेली.

ह्या खोलीत एक नियम होता आणि तो दादाचा होता. आणलेलं लाकूड आधी दाराआड उभं करायचं. ओल्या भिंतीतून निघालेलं लाकूड लगेच कापलं की पुढे ते वेडंवाकडं होतं, चौकट एकीकडे आणि आरसा एकीकडे. म्हणून दाराआडचं लाकूड आराम करतंय असं समजायचं. दादा मधूनमधून त्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करायचा, कान लावायचा, आणि समाधान झालं की उचलून खिडकीखाली ठेवायचा. खिडकीखाली आलं की ते वहिनीचं. मग तिने कापावं, चिरावं, काय वाटेल ते करावं. पण दाराआडच्या लाकडाला ती हात लावायची नाही. केर काढताना झाडूसुद्धा तिथून वळसा घालून जायचा. त्या दोघांची भांडणं मी वरून ऐकलेली आहेत, भांड्याला भांडं लागतंच, पण ह्या नियमावरून कधी शब्द झाला नाही.

वहिनी बुटकी आहे. बुटकी म्हणजे चांगलीच बुटकी. कुठलीही खुर्ची घ्या, तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. लोंबकळत्या पायांनी करवत चालवता येत नाही, म्हणून ती सगळा जन्म जमिनीवर बसून काम करत आली. गुडघे गेले. उठायचं तर आधी एक हात भिंतीला, मग दुसरा, मग जरा थांबायचं. मी दादाला म्हणायचे, अरे तिला बसायला काहीतरी कर. तर हा म्हणायचा, "तिला जमिनीवरच बरं वाटतं." बाई जमिनीवर का बसते हे पुरुषाने सांगावं, कमाल आहे. वहिनीही काही बोलायची नाही. एकदाच, मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते तेव्हा म्हणाली, "ह्यांच्या मनात मी उंच आहे बहुतेक."

तसं म्हणायला कारण होतं. दादाचं माप म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. तिच्यासाठी चपला आणायला निघाला तर चांगली सुतळी लावून पाऊल मोजून गेला, आणि आणल्या त्यात माझेही पाय मावले असते. स्वेटर आणला तर बाह्या बोटांच्या खाली. तो मीच उसवून आखूड केला. भिंतीवर फळी ठोकली तर ह्या टोकाला ठेवलेला डबा त्या टोकाला जायचा. "पाडायचं काम करणाऱ्याला माप लागतं कशाला," असं वर तोंड करून सांगायचा.

असा हा दादा एक दिवस जिना चढून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "एक बाक करतोय. तिच्यासाठी. बोलायचं नाही कुणाला."

मी म्हटलं, "तू?"

"हो, मी. जेवणाच्या सुट्टीत, तिथेच कामावर." त्याने खिशातून सुतळी काढली. सुतळीला एक गाठ मारलेली होती. वहिनी दुपारी पाय पसरून भिंतीशी पेंगत होती तेव्हा त्याने टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत सुतळी धरली होती. "पाय टेकले पाहिजेत तिचे," म्हणाला. मग पिशवीतून एक चौकोनी खांब काढून दाखवला. कुठल्या तरी जिन्याच्या कठड्यातलं लाकूड होतं. बाकाचा एक पाय. आडवी पट्टी बसवायला त्याला वरच्या अंगाला एक चौकोनी भोक पाडलं होतं आणि ते भोक सरळ डावीकडे कललेलं होतं.

"हे पटाशीने पाडलंय की उंदराने कुरतडलंय?" मी विचारलं.

"डावखुऱ्याच्या पटाशीला डावीकडचा ओढा असतो," तो म्हणाला. "चारी पायांची भोकं एकाच बाजूला कलली की झालं, बाक सरळच उभा राहणार."

आता असल्या माणसाशी काय बोलणार? मी विचारलं, हे सगळं ठेवणार कुठे, घरात तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तर हसला. "दाराआड. तिथे ती बघतसुद्धा नाही." आणि खरंच, एकेक पाय, मग पट्ट्या, मग बसायची फळी, असं सगळं त्याने आणून तिच्या डोळ्यांदेखत दाराआड उभं केलं. तिने मान वर केली नाही. तिच्या लेखी ते आराम करणारं लाकूड होतं. नुसतं जोडायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

आणि दादा गेला. भिंत पडली नाही, काही नाही. कामावर जेवणाच्या सुट्टीत बसला तो उठलाच नाही.

त्या दिवशी माणसं आली. बसायला जागा हवी म्हणून शेजाऱ्यांनी पुढच्या खोलीतली सगळी लाकडं उचलून बाहेर पडवीत नेली. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी पाणी भरलं, आत कोंदट होतंय म्हणून कुणी खिडकी उघडली. सगळं झाल्यावर त्याच माणसांनी लाकडं परत आत आणून लावली. चांगल्या मनाने, नीट रचून, काही खिडकीखाली, काही दाराआड, जिथे जी बसली तिथे. दाराआडच्या ढिगावर चादरसुद्धा टाकली. त्यांना काय माहीत आमच्या घरचा नियम.

वहिनी रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले धक्का बसलाय, मग म्हणाले धीराची आहे, मग काय काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. बायका येऊन तिच्या गळ्यात पडून रडायच्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. सकाळी उठून झडप वर करायची, टेकू लावायची आणि कामाला बसायची. दुपारी मी जेवण घेऊन खाली जायचे, ती जेवायची. एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. माझ्या लक्षात आलं ते वर जाऊन मी जेवायला बसले तेव्हा. तिने सगळी खाल्ली होती. एकदा तिच्या तळव्यात खिळा घुसला. चांगला खोल. तिने तो बघितला, उपटला आणि दगडावर ठेवून सरळ करायला घेतला. रक्त मी बघितलं म्हणून, नाहीतर तिने तसंच काम केलं असतं. मी चिडून म्हटलं, "अगं, दुखत नाही का तुला?" तर विचार करून म्हणाली, "नाही."

ती खोटं बोलत नव्हती. मला तिची भीती वाटायला लागली. आणि दादाचा राग यायला लागला. मेलेल्या माणसाचा राग येतो, कुणी नाही म्हणू नये.

काम मात्र तिने कधी केलं नव्हतं एवढं केलं. लाकडाकडे न बघता हात खिडकीखाली जायचा, जे येईल ते करवतीखाली. चौकटी, खुंट्या, खांब, पक्षी. आणि वाईट नाही, सगळं चांगलं होत होतं. हात सगळं करत होते, बाई तिथे नव्हती. लोक काही कीव म्हणून, काही आवडलं म्हणून घेऊन जात होते. उरलेलं ती सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात चादरीवर मांडायची.

बाकाचं मी तिला सांगितलं नव्हतं. दाराआड चादरीखाली लाकूड उभं दिसत होतं, मी म्हटलं आहे सुखरूप. ती एकदा मोकळी रडली की सांगू, असं मी ठरवलं होतं. ती रडेचना.

मग एके सकाळी मी कोपऱ्यावर पाव आणायला गेले. पाववाल्याने वहिनीकडून नुकतीच खुंट्यांची एक पट्टी घेतली होती, गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली होती. वाकवलेले चमचे, त्यांवर किल्ल्या, एप्रन. आणि पट्टीच्या एका टोकाला चौकोनी भोक, त्यात त्याने आपली पेन्सिल खोचलेली. पेन्सिल डावीकडे कललेली. पाववाला म्हणत होता, बघा, किती सोय करून दिलीय खिळेवाल्या बाईंनी. मी ऐकत नव्हते. मी त्या भोकाकडे बघत होते. पाव तिथेच राहिला.

घरी येऊन मी सरळ दाराआडची चादर ओढली. आत कुठल्याशा शाळेच्या खिडकीच्या पट्ट्या होत्या, ओल्याच. बाकाचं काही नव्हतं.

वहिनी पक्ष्याची चोच घासत बसली होती. मी विचारलं, "भोकं पाडलेलं लाकूड होतं. चौकोनी भोकं. ते कुठाय?"

"ते होय," ती म्हणाली. "खिडकीखाली होतं. संपलं. कुणा आंधळ्याने पाडली होती ती भोकं कोण जाणे. पण पक्ष्याला डोळ्याची आयती जागा मिळाली."

मी म्हटलं ना, माझी जीभ टोकदार आहे. मी म्हटलं, "तो आंधळा तुझा नवरा होता."

आणि मग सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. बाक, सुतळी, जेवणाची सुट्टी, दाराआड का ठेवलं ते. तिने ऐकून घेतलं. हातातल्या पक्ष्याच्या डोळ्यातलं बटण काढलं, भोक बघितलं, बटण परत बसवलं. "असं होय," म्हणाली. आणि चोच घासायला लागली. मला वाटलं हिला धरून हलवावं. मी वर निघून गेले आणि दिवसभर खाली उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वर आली. जिना चढून, गुडघे सांभाळत. ती कधी वर येत नाही. दारात उभं राहून म्हणाली, "उंची किती होती?"

"कशाची?"

"बाकाची."

"मला काय माहीत. पाय टेकतील एवढी, असं म्हणाला."

"सुतळी?"

"ती त्याच्या खिशात होती, त्याच्याबरोबरच गेली असेल. अगं पण एवढं काय त्यात? तुझ्या पायाचं माप आत्ता घेऊ, चल. त्या उंचीचा दुसरा करून घेऊ एखाद्या सुताराकडून."

"माझं माप मला काढता येतं, ताई," ती म्हणाली. "मला ह्यांनी काढलेलं बघायचंय. सुतळी तर चपलांच्या वेळीही नेली होती." मग, दुकानात मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "एवढ्या वर्षांत ह्यांनी मला नीट बघितलं की नाही, ते कळेल. एक पाय अख्खा मिळाला तरी पुरे. फळीचं काही नाही."

मी चपला घातल्या.

तिच्या हातून गेलेलं लाकूड तिला आठवतं, म्हणजे कुठला तुकडा कशाला लागला आणि कोण घेऊन गेलं, सगळं. एका पायाची पाववाल्याची पट्टी झाली होती. ती आम्ही जाऊन बघितली. दोन दरवाजांच्या मध्ये बसावी म्हणून वहिनीनेच ती दोन्हीकडून कापलेली. पाववाला म्हणाला, काढून देऊ का, परत न्या. वहिनी म्हणाली, राहू दे, तुझी पेन्सिल कुठे ठेवशील. दुसऱ्या पायाचे पक्षी झाले होते. एक तेवढा घरात होता, बाकीचे जुन्या बाजारातून कुठे कुठे उडाले, त्यांना आता कोण गोळा करणार? आणि केले तरी पक्षी जोडून पाय होत नाही. तिसऱ्याचा तिने दिव्याचा खांब केला होता, तो अख्खा, न कापता. दवाखान्यातला कंपाउंडर घेऊन गेला होता.

"आणि चौथा?" मी विचारलं.

"चौथा मला आठवत नाही."

"नीट आठव."

"आठवला असता तर सांगितलं नसतं का? तो माझ्या हाताखालून गेलाच नाही असं वाटतंय. पण मग गेला कुठे?" तिने खोलीभर बघितलं. बरण्या, हत्यारं, भिंतीला टेकवलेल्या चौकटी. खिडकीखालचा ढीग आम्ही उपसला, पडवीत शोधलं, पलंगाखाली शोधलं. आजूबाजूच्या घरांत जाऊन विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडे चुकून एखादा खांब आला का. माणसं आमच्याकडे बघायची. नवरा जाऊन इतके दिवस झाले आणि ही खांब शोधते.

म्हणून सगळी आशा कंपाउंडरवर. तो संध्याकाळी दवाखाना उघडण्याआधी घरी असतो म्हणून आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. कंपाउंडर मोठा हौशी माणूस. त्याने खांब टेबलावर ठेवला होता, वर दिवा, दिव्याला त्याच्या बायकोने केलेली कापडी टोपी. सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू. भोकातून त्याने दिव्याची वायर काढली होती.

"टेबलाच्या मानाने जरा उंच होत होता," तो कौतुकाने म्हणाला, "म्हणून मी खालून कापून घेतला. आता कसा बसलाय बघा."

"कापलेला तुकडा आहे का?" वहिनीने विचारलं.

"तो कशाला ठेवू? केरात गेला तेव्हाच."

"किती कापला?"

त्याने हात पुढे करून अंगठा आणि बोट ताणून दाखवलं, मग थोडं कमी केलं, मग थोडं वाढवलं. "एवढा असेल. अंदाजानेच कापला."

अंदाजाने. मला त्याला काहीतरी टाकून बोलायचं होतं, पण त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? वहिनी "बरं" म्हणाली. त्याच्या बायकोने सरबत दिलं, ते प्यायली. दिव्याची टोपी एका बाजूला गेली होती, ती जाताजाता सरळ केली.

परत येईपर्यंत उन्हं उतरली होती. मी आत चहाचं आधण ठेवायला गेले आणि ती खिडकी बंद करायला गेली. मधल्या दारातून मला ती दिसत होती, म्हणून सांगते. रोजच्यासारखा तिने डावा हात झडपेच्या खालच्या काठाला लावला आणि उजव्याने टेकू काढून घेतला. आणि तशीच थांबली. तिचा अंगठा टेकूच्या भोकात होता. तिने टेकू डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्या हाताने झडप धरली आहे हे विसरली, आणि झडप तिच्या बोटांवर आली.

"आई गं!"

केवढ्याने ओरडली. तळव्यात खिळा गेला तेव्हा हूं की चूं न करणारी बाई. मी धावत जाऊन झडप उचलली, बोटं सोडवली. पण तिने उजव्या हातातला टेकू काही सोडला नाही. "ताई, हे बघा," म्हणाली. मी बघितलं. झाडूचा दांडा नव्हता. चौकोनी खांब होता, त्याच कठड्याच्या लाकडाचा, उन्हाने एका बाजूला पांढुरका झालेला. वरच्या अंगाला भोक, डावीकडे कललेलं. दांडा त्या दिवशीच्या गर्दीत मोडला असेल नाहीतर हरवला असेल, आणि खिडकी उघडणाऱ्याने हाताला लागलं ते लावलं असेल. तेव्हापासून रोज सकाळी वहिनीने तो लावला होता आणि रोज संध्याकाळी काढला होता, धरायला बरी जागा आहे म्हणून त्या भोकात अंगठा घालून. आम्ही गावभर हिंडत होतो तेव्हाही खिडकी त्याच्यावरच उघडी होती. काखेत कळसा, एवढं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पुढचं मी गिळलं.

मी बादलीत पाणी आणलं, तिचा हात त्यात बुडवला. बोटं काळीनिळी व्हायला लागली होती. "दुखतंय," ती म्हणाली. "फार दुखतंय हो, ताई." तिचा आवाज मला ओळखीचा वाटला, किती दिवसांनी. मी म्हटलं, चल, दवाखाना उघडला असेल. तर म्हणाली, "आधी हे."

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि पाय पसरले. एक हात बादलीत. दुसऱ्या हाताने तिने बाकाचा पाय माझ्याकडे दिला. दादाने सुतळी धरली असेल तसा मी तो तिच्या पोटरीला लावून धरला. खालचं टोक टाचेला. वरचं टोक गुडघ्याच्या लवणीपर्यंत पोचलं नाही. अलीकडेच संपलं.

मी परत लावून बघितला. तेच.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर सगळं मोठं आणणाऱ्या माणसाने शेवटची एक गोष्ट केली ती लहान. "चुकलाच," मी म्हटलं. "बोटभर कमी आहे, वहिनी. एवढं एक माप त्याला नीट घेता आलं नाही."

वहिनी वाकली. खांबाचं टोक आणि गुडघ्याची लवण, ह्यांच्या मधल्या फटीत तिने आपलं बोट आडवं ठेवलं. बरोबर बसलं. बराच वेळ तिने ते काढलं नाही.

"कमी नाही, ताई," ती म्हणाली. "वर फळी येणार ना. फळीची जाडी धरलीय ह्यांनी."

आणि मग ती रडायला लागली. मी तिचा हात पाण्यात धरून बसले. आत आधण आटून भांडं करपल्याचा वास आला, तरी आम्ही दोघी उठलो नाही.